‘नको’पेक्षा काय हवे ते सांगा

महोदय,

पावसाळा सरला की गुहागर-दापोलीकडच्या मैदानांवर कबड्डीचा सराव सुरू होतो आणि त्यासोबत ‘घाबरू नकोस’, ‘घाई करू नकोस’, ‘बाहेर जाऊ नकोस’ हा मार्गदर्शकांचा घोषही. ३० सेकंदांच्या चढाईत गुंतलेल्या मुलाला यातून काय टाळायचे ते कळते, करायचे काय ते मात्र कळत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे बजावलेल्यांच्या मनात तेच अस्वल पुन्हा पुन्हा येत राहिले; मैदानावरच्या ‘नको’चेही बहुधा तसेच होत असावे. त्याऐवजी ‘समोरच्या अंगणातली निदान रेषा ओलांड, नजर कोपरारक्षकाच्या पायांवर ठेव’ असे नेमके सांगितले, तर खेळाडूच्या हालचालीला दिशा मिळते. मीही अनेक वर्षे ‘नको’चाच मारा केला, हे कबूल करतो (खाडीत होडी वल्हवायला शिकवणारे आमचे आजोबा मात्र ‘समोरच्या माडावर नजर ठेव’ एवढेच म्हणत). पकडीत मान आवळू नये यासारखी सुरक्षेची ताकीद नकारार्थीच द्यावी लागेल, पण ती सरावाआधी द्यावी, ऐन चढाईत नव्हे. जिल्ह्यातील प्रशिक्षक शिबिरांत अशा सूचनांचा प्रत्यक्ष सराव करून घ्यावा, ही विनंती.

– एक कबड्डी मार्गदर्शक, गुहागर