कार्यालयातले ढेकूण आणि तुझ्याकडचा मुक्काम

नागपूर,
११ मे

प्रिय अनिल,

सप्रेम नमस्कार. जानेवारीत तू फोन केलास आणि मी तो परत केला नाही म्हणून तू रागावला आहेस, हे बाळ्याने मला सांगितले. तो राग जूनमध्ये समक्ष भेटीत काढ. आज लिहायला बसलो आहे ते निराळ्याच गोष्टीसाठी. आमच्या कार्यालयात ढेकूण झाले आहेत. दुसरा कोणीही हे ऐकून हसेल आणि "गाद्या उन्हात टाका" एवढे सांगून मोकळा होईल, परंतु वसतिगृहात रात्री दोन वाजता टॉर्च लावून नवारीच्या खाटेच्या सांध्यांत सुई खुपसत बसणारा माणूस तू होतास, त्यामुळे पुढचे चार कागद तुझ्यावाचून कोणाला लिहावेत ते मला सुचत नाही.

प्रकृतीचे विचारशील तर रक्तदाब गोळीने ताब्यात आहे, आईचा मोतीबिंदू काढला आणि आता ती माझ्याआधी पेपर वाचते.

प्रकरण मार्चअखेरीस सुरू झाले. वर्षाचे हिशेब बंद करण्याच्या धांदलीत आमची लेखा शाखा रात्री उशिरापर्यंत बसत होती आणि अभ्यागतांसाठी ठेवलेल्या जुन्या वेताच्या खुर्च्या आम्हीच ओढून घेतल्या होत्या. रोखपाल बाईंच्या पोटरीवर ओळीने लाल गांधी उठल्या, त्या त्यांनी उन्हाळ्याच्या खात्यावर टाकल्या आणि चंदन लावले. मग माझ्या मनगटावर तशाच उठल्या. शेवटी शिपायाने एक खुर्ची उलटी करून फरशीवर आपटली, तेव्हा वेताच्या विणीतून ते चपटे, तांबूस, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचे प्राणी बाहेर पडून सैरावैरा धावू लागले. एकाला बुटाने चिरडल्यावर जो वास आला तो मी इतक्या वर्षांनंतरही क्षणात ओळखला, आणि त्याच रात्रीपासून माझी झोप गेली.

घरात ढेकूण झाले तर माणूस काहीतरी करू शकतो. आपले वडील खाटेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतत, रॉकेलचा बोळा फिरवत. कार्यालयातल्या खुर्चीवर उकळते पाणी ओतायचे तर ती आधी जडवस्तू संग्रह नोंदवहीतून कमी करावी लागते. त्यासाठी टिपणी, टिपणीवर शेरा, शेऱ्यावर खुलासा आणि मग दरपत्रके. तोवर ढेकणांची पुढची पिढी सेवेत रुजू होते. संस्कृतच्या सरांनी सांगितलेले ते सुभाषित तुला आठवत असेल, की लक्ष्मी कमळावर, शंकर हिमालयावर आणि विष्णू क्षीरसागरात निजतो तो ढेकणांच्या भीतीमुळेच. देवांना जागा बदलता आली. मला निवृत्तीपर्यंत याच मजल्यावर बसायचे आहे.

त्याहून वाईट गोष्ट अशी की कीटक सापडल्याबरोबर सर्वांनी माणूस शोधायला सुरुवात केली. आमच्याकडे एक कंत्राटी मुलगा आहे, तो वस्तीतून येतो, एवढा पुरावा पुरेसा ठरला आणि त्याचे टेबल व्हरांड्यात गेले. ढेकूण उडत नाही, उडी मारत नाही आणि उवेसारखा अंगावर वस्तीलाही राहत नाही. तो बॅगेच्या शिवणीत, वळकटीत, जुन्या सोफ्यात बसून प्रवास करतो, आणि आमच्या शाखेत सर्वांत जास्त प्रवास साहेब करतात. हे मी बैठकीत बोललो. मुलाचे टेबल आत आले, पण तेव्हापासून माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली, कारण ज्याला ढेकणांची इतकी माहिती त्याच्या घरी ते असणारच, असा निष्कर्ष निघाला आहे.

इथे तुझी जुनी फिर्याद निकाली काढतो. ढेकूण माझ्या वरूडच्या पेटीतून आले असे तू शेवटच्या वर्षापर्यंत सांगत राहिलास आणि त्यावरून आपण परीक्षेच्या तोंडावर अबोला धरला. तू इतवारीतून जुनी खाट घेतली होतीस. पूर्ण वाढलेला ढेकूण रक्ताच्या एका थेंबाशिवाय महिनोन्‌महिने जगतो आणि त्याची मिलिमीटरभर लांबीची पांढरी अंडी लाकडाच्या फटीत चिकटून बसतात, तेव्हा दुकानात पडून राहिलेल्या खाटेची क्षमता माझ्या पत्र्याच्या गुळगुळीत पेटीपेक्षा अधिक होती, हे तुला आता मान्य करावे लागेल.

अखेर फवारणी झाली. फवारणारा माणूस मला शहाणा वाटला. औषधाने अंडी सहसा मरत नाहीत, ती आठवडा-दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा यावे लागेल असे त्याने आधीच सांगितले, आणि नुसता धूर सोडायला नकार दिला, कारण धुराने ते मरण्याऐवजी भिंतीच्या फटींत आणखी आत सरकतात. नेहमीची औषधेही आता अनेक ठिकाणी त्यांना पचतात. ही खोड जुनीच आहे: १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरी डीडीटी मारले जाऊ लागले, तेव्हा आधी ढेकूणही मेले आणि काही वर्षांतच ते डीडीटीला दाद देईनासे झाले. आस्थापनेतल्या एका हुशार गृहस्थाने धान्यात ठेवायच्या गोळ्या कपाटात टाकण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्या गोळ्यांतून निघणाऱ्या वायूने बंद खोलीत माणसे दगावली आहेत हे मी त्याला मोठ्या आवाजात सांगितले, आणि त्या दिवशी माझी कीर्ती पूर्ण झाली.

दुसऱ्या फवारणीनंतर कार्यालयात एकही जिवंत ढेकूण दिसलेला नाही, आणि माझी खरी तक्रार इथूनच सुरू होते. ते गेले, परंतु मी अजून त्यांच्या वेळापत्रकाप्रमाणे जगतो आहे. मेट्रोत जागा असली तरी सीताबर्डीपर्यंत उभा राहतो. घरी आल्यावर गॅलरीतच कपडे बदलतो आणि बॅग घरात येऊ देत नाही. रात्री कूलरच्या वाऱ्याने पायावरची लव हलली तरी उठून दिवा लावतो. एकदा चादरीवर एक ठिपका सापडला तेव्हा मी सौभाग्यवतीला उठवले, आणि तिने तो बोटावर घेऊन "अहो, हा जेवणातला तीळ आहे" असे सांगून कूस बदलली. हिशेबाच्या आकड्यांवरून बोट फिरवताना माझे दुसरे बोट मानेवर असते. साहेबांनी हे पाहिले असावे, कारण मला रजा घेण्याचा सल्ला मिळाला.

त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो तो औषधापेक्षा निर्णयासाठी. त्यांनी सांगितले की नुसत्या गांधीकडे पाहून कोणता कीटक चावला हे खात्रीने सांगता येत नाही, काहींना चावा दिसायला दिवस लागतात आणि काहींना काहीच दिसत नाही. ढेकणामुळे माणसाला रोग होतो असेही सिद्ध झालेले नाही. मी त्यांना विचारले की अंगावर किडे फिरतात असे वाटणारा एक मानसिक आजार असतो, तो मला झाला आहे काय. ते हसले आणि म्हणाले की त्या आजारातल्या माणसाला खात्री असते, तुम्हाला शंका आहे. अनिल, शंका असणे हे प्रकृतीचे लक्षण ठरावे असा हा पहिलाच वैद्यकीय अभिप्राय मला मिळाला.

त्यांच्या सांगण्यावरून मी खाज आणि पुरावा ही दोन खाती वेगळी केली. जिवंत ढेकूण, टाकलेली कात, शिवणीजवळचे काळे ठिपके हाच पुरावा. पाहणी फक्त शनिवारी सकाळी, दिवसाच्या उजेडात, एकदाच. इतर वेळी खाज सुटली तर वेळ लिहायची आणि वही मिटायची. वहीत खाजेच्या नोंदी पाने भरून आहेत आणि पुराव्याचा रकाना कोरा आहे. खाज त्यामुळे थांबत नाही, हे तुला प्रामाणिकपणे सांगतो; पण मध्यरात्री उठून गादी उलटी करण्याचा अधिकार मात्र तिला राहिलेला नाही. बॅग गॅलरीत ठेवणे मी सोडणार नाही, कारण ती खबरदारी आहे. आंघोळ दोनदा करणे सोडले आहे, कारण ढेकूण मुळातच अंगावर राहत नाही. उभ्याने प्रवास करणे या दोन्हींपैकी कशात बसते हे अजून ठरायचे आहे. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये ढेकणांचा असा बोभाटा झाला होता की तिथल्या रेल्वेतही लोक बसायला कचरत होते, तेव्हा माझ्या जोडीला सुधारलेले लोक आहेत.

तुझ्या गुडघ्याचे वाचले. जिन्यावर घाई करू नकोस. बदली रद्द झाली हे उत्तमच. धाकट्याचा निकाल कळव, आणि चिन्मयीच्या लग्नाची पत्रिका देखणी आहे, मजकूर वहिनींचा असणार.

आता मुद्द्याचे. लग्नाला आम्ही दोघेही येणार आहोत, आणि दरवेळेप्रमाणे तू मुक्काम तुमच्याकडेच धरला असशील. घरी पाहुण्यांच्या गाद्या घातलेल्या असणार, त्यात माझी बॅग नको. निघण्याआधी सर्व कपडे गरम पाण्यात धुऊन कडक इस्त्री करणार आहे. रिकामी बॅग काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून गच्चीवर ठेवीन. पन्नास अंशांच्या वर ढेकूण आणि त्याची अंडी दोन्ही टिकत नाहीत, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात बंद काळ्या पिशवीत ते साधायला अडचण पडू नये. नुसती गादी उन्हात टाकून मात्र हे होत नाही, कारण ते सावलीच्या बाजूला पळतात. एवढे करूनही तुला धाकधूक वाटत असेल तर आम्ही लॉजवर उतरू आणि मला त्याचे काहीही वाटणार नाही. लॉजवरच्या गाद्या मी तपासणारच आहे, ते काम माझ्या अंगवळणी पडले आहे. वहिनींना हे सांगायचे की नाही तेही तूच ठरव. बाळ्याला मात्र सांगू नकोस, तो मांडवात माईकवरून जाहीर करील. उत्तर या आठवड्यात धाड, म्हणजे खोलीचे बघता येईल.

तुझा,
विलास