सभासदांना सूचना : कोळशाच्या विषयावर रविवारी बैठक

सर्व सभासदांना कळविण्यात येते की, मुरगाव बंदरातील कोळसा हाताळणीबाबत मंडळाची भूमिका ठरविण्यासाठी येत्या रविवारी संध्याकाळी साडेपाच वाजता आपल्या सभागृहात बैठक आहे.

मागच्या खेपेला आवाज फार चढले. आपल्यातच बंदरात नोकरी करणारे आहेत, खारीवाड्यावर होडी असलेले आहेत आणि बायणा-सड्याला रोज खिडक्यांवरची काळी धूळ पुसणारेही आहेत. सगळ्यांना बोलू द्यावे. नोकरीची काळजी असणारा प्रत्येकजण कंपनीचा माणूस नसतो.

येण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे. हा कोळसा मुख्यतः गोव्यासाठी येत नाही. तो परदेशातून जहाजाने उतरतो आणि रेल्वेने घाट चढून कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जातो. म्हणून रेल्वे दुपदरीकरणाचा विषयही याच चर्चेत घेतला आहे. या मार्गावरच्या कॅसलरॉक ते कुळे या घाटातल्या टप्प्याच्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. मंजुरी त्या टप्प्यापुरतीच रद्द झाली. ‘सगळे काम थांबले’ असे मेसेज पुढे पाठवू नयेत.

२०१७ साली बंदर विस्तारावरची वास्कोतील जनसुनावणी कित्येक दिवस चालली होती. पुन्हा तशी वेळ आली तर लेखी हरकती तयार हव्यात. म्हणून प्रत्येकाने आपले म्हणणे कागदावर लिहून आणावे. मराठी, कोकणी काहीही चालेल. घरच्या आजारपणाचा उल्लेख करणार असाल तर डॉक्टरांच्या कागदाची प्रत जोडा.

चहा आहे. गाड्या देवळासमोर लावू नयेत.

– कार्यवाह