यशोगाथेत रॉकेलचे डबे का नसतात?

संपादक महोदय,

करिअर पुरवण्यांतल्या ध्येयवेड्यांच्या कथा नेमाने वाचनात येतात. उद्योजक असो, शोधमोहिमेवर जाणारा असो की प्राणी वाचवणारा, साचा एकच: स्वप्न पाहिले, झपाटला, जिंकला. झपाटणे शिकवता येत नाही. शिकता येते ती तजवीज, आणि छापताना नेमकी तीच गाळली जाते.

दक्षिण ध्रुवाचेच घ्या. नॉर्वेचा रोआल्ड आमुंडसेन तिथे 14 डिसेंबर 1911 रोजी पोहोचला, ब्रिटिश रॉबर्ट स्कॉट 17 जानेवारी 1912 रोजी. स्कॉट आणि त्याचे चारही साथीदार परतताना गेले. जिद्द दोघांतही होती. फरक पाहायचा तर रॉकेलचे डबे पाहावेत. स्कॉटच्या डब्यांच्या बुचांना चामड्याचे वायसर होते. थंडीत ते दगा देत, तेल झिरपे, उडून जाई. परतीच्या वाटेवर डबा उघडावा तर तेल कमी. तिथे स्टोव्ह विझला की जेवण तर नाहीच, प्यायला पाणीही नाही, कारण पाणी म्हणजे वितळवलेला बर्फ. आमुंडसेनचे डबे डाख देऊन बंद केलेले होते.

शिधा ठेवलेली जागा परत सापडावी म्हणून आमुंडसेनने 80 अंश दक्षिण अक्षांशावरच्या डेपोच्या दोन्ही बाजूंना, दर अर्ध्या मैलावर एक, अशी दहा-दहा निशाणे आडवी रोवली. धुक्यात चार-पाच मैल भरकटलेला माणूस कुठल्या ना कुठल्या निशाणाशी पोहोचणारच, आणि त्यावरच्या खुणेवरून डेपो कुठल्या बाजूला, किती लांब ते कळणार. स्कॉटलाही मोठा डेपो 80 अंशावरच करायचा होता. तट्टे थकली म्हणून तो 79 अंश 29 मिनिटांवर उतरवला. पुढे जाऊ, तट्टे मारावी लागली तरी चालतील, हा तट्टे सांभाळणाऱ्या कॅप्टन ओट्सचा सल्ला त्याने मानला नाही. शेवटचा तंबू पडला तो या डेपोपासून सुमारे 20 किमीवर, 79 अंश 40 मिनिटांवर. ठरल्या जागी डेपो असता तर तो वाटेत आधीच लागला असता.

त्यात ऐनवेळी चाराऐवजी पाच माणसे ध्रुवाकडे निघाली. शिधा चौघांच्या हिशेबाने बांधलेला. पाचव्यामुळे स्वयंपाकालाच दिवसाकाठी अर्धा तास जास्त लागू लागला. हा पाचवा, बोवर्स, आपल्या स्की मागे ठेवून आला होता. बाकीचे स्कीवर, हा पायी.

पण आमुंडसेनची आरती ओवाळण्याचेही कारण नाही. स्कॉटच्या बर्फावर चालणाऱ्या मोटारगाड्यांच्या धास्तीने तो थंडी ओसरायच्या आधी, 8 सप्टेंबरलाच निघाला, पारा उणे 56 अंशांपर्यंत उतरला, आणि डेपोत सामान टाकून सगळे परत पळाले ते पांगापांग होऊनच. त्याबद्दल तोंडावर सुनावणाऱ्या योहान्सन या साथीदाराला त्याने ध्रुवाच्या तुकडीतून वगळले. 19 ऑक्टोबरला पुन्हा निघाला तेव्हा पाच माणसे, 52 कुत्री. परत आली 11. बाकीच्यांपैकी बरीचशी वाटेत मारून खायची, हे आधीच ठरलेले होते. असला हिशेब शाळेत सांगायला जड जातो, हे मान्य.

शर्यत हरलेला स्कॉट मात्र सुमारे 16 किलो दगड घसरगाडीवरून शेवटपर्यंत ओढत राहिला. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या वनस्पतीचे जीवाश्म निघाले. आपल्या वर्धा खोऱ्याच्या कोळसापट्ट्यातही तेच सापडतात. दक्षिणेकडचे भूखंड एके काळी जोडलेले होते याचा तो पुरावा. हे ओझे टाकायला हवे होते, असे म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

जवळचे उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002 पासून सागरी कासवांचे काम सुरू केले. ऑलिव्ह रिडले मादी रात्री साधारण दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचा खड्डा करून शंभरएक अंडी घालते. ती वाचवायची तर काही तासांत, न फिरवता, कुंपणातल्या तशाच खड्ड्यात हलवावी लागतात. नंतर गर्भ कवचाला चिकटतो. मग अंडे उलटले तर पिल्लू आत मरते. पिल्ले 45 ते 60 दिवसांनी बाहेर येतात. वाळू उबदार राहिली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर. पिल्लांना पाण्यात सोडत नाहीत, वाळूवर ठेवून चालू देतात. ती वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, म्हणजे निकाल मिळेपर्यंत पहारा देणारी पोरे बापये झालेली असतात!

तेव्हा पुढची मुलाखत घेताना ‘प्रेरणा कुठून मिळाली’ हा प्रश्न तेवढा वगळावा. पैसे कोणत्या महिन्यात संपले, कोणाचा सल्ला धुडकावला आणि परत फिरायचे कुठे ठरवले होते, हे विचारावे. आणि उत्तर लांबले तर फोटो लहान करावा.

कळावे,
एक वाचक