बाबा, गुरुवारची बायोप्सी पुढे ढकलली आहे

प्रिय आई-बाबा,

तुम्हाला न विचारता मी डॉक्टरांशी बोललो आणि गुरुवारची प्रोस्टेटच्या बायोप्सीची (सुईने तुकडा काढून तपासायची) तारीख पुढे ढकलली. ते मनाला लागून राहिलंय. रागवा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

पीएसए, म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतून रक्तात येणाऱ्या प्रथिनाचा आकडा, ६.२ आला खरा, पण रक्त काढलं तेव्हा लघवीची जळजळ आणि ताप उतरून जेमतेम तीन आठवडे झाले होते. जंतुसंसर्गात प्रोस्टेट सुजते आणि पीएसए रक्तात उतरतो. तो खाली यायला सहा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. शिवाय सोनोग्राफीत ग्रंथी ६२ सीसीची आहे. वाढलेली ग्रंथी जास्त पीएसए सोडणारच. ६.२ ला ६२ ने भागा, ०.१० येतं. ही पीएसए डेन्सिटी, ०.१५ च्या खाली असली की धोका कमी धरतात.

म्हणून आधी पुन्हा रक्त, आकडा चढाच राहिला तर एमआरआय, आणि गरज पडलीच तर सुई. हा क्रम उलटा नको, कारण बायोप्सीत झालेला रक्तस्राव पुढे कित्येक आठवडे एमआरआयचं चित्र बिघडवतो. ब्रिटनमधल्या प्रॉमिस अभ्यासात (२०१७) दिसलं, की आधी एमआरआय केला तर शंभरातल्या साधारण २७ जणांची बायोप्सी टळू शकते. कधीच त्रास न देणारा मंद कॅन्सरही सुयांनी सापडतो आणि मग घरभर धास्ती. ते मला तुमच्या वाट्याला येऊ द्यायचं नाही.

एमआरआयच्या अहवालात पाय-रॅड्स (कॅन्सरचा संशय किती, हे सांगणारा १ ते ५ आकडा) १ किंवा २ आला तर बहुधा नुसतं पीएसएवर लक्ष ठेवायचं. एमआरआयमधूनही थोडं निसटू शकतं, म्हणून पीएसएची तपासणी चुकवायची नाही. ३ आला तर डेन्सिटी आणि काकांचं दुखणं, दोन्ही धरून ठरवू. ४-५ आला तर बायोप्सी करायचीच, आणि मी तिथे असेन. तेव्हा गुदाशयातून न करता बाहेरच्या त्वचेतून करता येईल का, ते विचारू. त्यात जंतुसंसर्ग कमी होतो.

एमआरआय साधारण अर्धा-पाऊण तास चालतो. आवाज मोठा असतो, पण कानांना बोळे देतात, गुडघ्यांखाली उशी ठेवतात, हातात घंटीचं बटण असतं. इंजेक्शनच्या वेळी तुम्ही मला 'दहापर्यंत मोज' म्हणायचात ना, तसंच मोजत पडा.

आता ऐका. रक्त देण्याआधी दोन दिवस सायकल बंद. त्या दोन दिवसांत वीर्यपतनही नको. लिहायला संकोच वाटतो, पण आकडा त्यानेही चढतो. रात्रीची टॅम्सुलोसिन चालू ठेवा, तिने पीएसए बदलत नाही. ॲस्पिरिन स्वतःच्या मनाने थांबवायची नाही. एमआरआयच्या सकाळी पोट साफ हवं, आतड्यातल्या वायूने चित्र वेडंवाकडं येतं. आई, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) अहवाल आणि सोनोग्राफीची फाइल तू पिशवीत ठेव. बाबांवर सोडू नकोस.

आणि पुन्हा ताप आला किंवा लघवी अडली तर रात्र असली तरी मला फोन करा.

तुमचा,
बाळू