पॅलिओ आहार : लाभ कशाचा, श्रेय कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या आरोग्यविषयक पुरवणीत पॅलिओ आहाराची, म्हणजे शेतीपूर्व अश्मयुगीन माणसाच्या खाण्यावर बेतलेल्या आहाराची, भलावण करणारा जो लेख प्रसिद्ध झाला, तो वाचून हे पत्र लिहीत आहे. साखर, मैदा, तळलेले व पाकीटबंद पदार्थ बाजूला सारून भाज्या, फळे, कंदमुळे, सुकामेवा, अंडी, मासे आणि मांस यांकडे वळावे, हा त्या लेखातील सल्ला बहुतांशी योग्यच आहे. मात्र धान्ये, कडधान्ये आणि दूध हे पदार्थ मानवी शरीराला मुळातच परके आहेत, म्हणून तेही कायमचे वर्ज्य करावेत, असे जे विधान त्याच ओघात येते, ते वेगळे काढून तपासायला हवे. या आहाराने अनेकांचे वजन उतरते आणि रक्तशर्करा सुधारते, हे मला मान्य आहे. परंतु हा लाभ साखर सोडल्याचा की डाळ सोडल्याचा, हा प्रश्न लेखकाने उपस्थितच केलेला नाही.

या विचाराला वैद्यकीय वर्तुळात वजन आले ते १९८५ मध्ये, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर या संशोधकांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. माणसाने लाखो वर्षे शिकार आणि अन्नसंकलन करून गुजराण केली, शेती मात्र गेल्या दहा-बारा हजार वर्षांतली; तेव्हा आपली शरीररचना जुन्या आहाराशी जुळलेली असून मधुमेह आणि हृदयविकार यांसारख्या आजारांचे एक मूळ या विसंगतीत शोधावे, अशी ती मांडणी होती. तिच्यात तथ्य आहे. पुढे २००२ मध्ये लोरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकामुळे हा विचार सर्वसामान्यांपर्यंत पोचला आणि पथ्यपाण्याच्या याद्या तयार झाल्या. अडचण सुरू होते ती या याद्यांपाशी, कारण एक विचारप्रवृत्त करणारे गृहीतक तेथे आज्ञा बनून जाते.

शेतीपूर्व माणूस धान्याला शिवतच नव्हता, ही समजूत पुरातत्त्वाच्या पुराव्यापुढे टिकत नाही. इटलीतील पाल्यिच्ची गुहेत सापडलेल्या सुमारे ३२,००० वर्षांपूर्वीच्या दगडी वरवंट्यावर जंगली ओटचे पिष्टकण आढळले आहेत. गॅलिलीच्या सरोवराकाठी ओहालो येथे सुमारे २३,००० वर्षांपूर्वीच्या वस्तीत रानटी जव दळल्याच्या खुणा मिळाल्या, तर जॉर्डनमध्ये १४,००० वर्षांहून जुन्या चुलीत भाकरीसारख्या पदार्थाचे जळके तुकडे सापडले. म्हणजे तेथे शेती सुरू होण्याच्या कितीतरी आधीचे. निअँडरथल मानवाच्या दातांवरील किटणातही शिजवलेल्या वनस्पतींचे पिष्टकण दिसले आहेत. धान्याचे प्रमाण त्या काळी आजच्याइतके होते, असे यातून कोणी म्हणणार नाही. पण ते परके अन्न होते, असेही म्हणता येत नाही. शिवाय उत्क्रांती शेतीच्या बांधाशी येऊन थांबलेली नाही. मोठेपणीही दूध पचवण्याची क्षमता युरोपात आणि पूर्व आफ्रिकेत गेल्या काही हजार वर्षांतच, आणि तीही स्वतंत्रपणे, रुजली. पिष्टमय आहार घेणाऱ्या समाजांमध्ये लाळेतील, पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या प्रती सरासरीने अधिक आढळतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून पुढे आले.

अश्मयुगात सर्वांचा मिळून एकच एक आहार होता, ही कल्पनाही तितकीच भ्रामक आहे. उत्तर ध्रुवाजवळचे इनुइट लोक परंपरेने प्रामुख्याने मासे आणि सागरी प्राण्यांवर जगले. टांझानियातील हाद्झा लोकांच्या आहारात शिकारीबरोबर कंद, बोरवर्गीय फळे आणि भरपूर मध असतो. पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील रहिवासी शिकारी नव्हेत, बागाईत करणारे. त्यांच्या ऊर्जेचा मोठा भाग सुरण, रताळी यांसारख्या कंदांतून येई, आणि तरीही स्वीडिश संशोधक स्टाफान लिंडेबर्ग यांना त्यांच्यात हृदयविकार व पक्षाघात जवळजवळ आढळला नाही. कर्बोदके अत्यल्प ठेवण्याचा जो आग्रह पॅलिओच्या नावाने धरला जातो, तो वस्तुतः कीटो आहाराचा आहे. आपल्या लेखात ही सरमिसळ झालेली दिसते. जाता जाता नोंदवावेसे वाटते की पॅलिओ आहाराच्या यादीतील फ्लॉवर, ब्रोकोली आणि कोबी या तिन्ही भाज्या एकाच रानटी वनस्पतीपासून शेतकऱ्यांनीच निवड करत करत घडवल्या आहेत.

आता प्रयोगांकडे वळू. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात संशोधक केरिन ओडी यांनी ऑस्ट्रेलियातील मधुमेह असलेल्या दहा आदिवासींना सात आठवडे त्यांच्या पारंपरिक भूप्रदेशात, शिकार आणि संकलन करून राहायला नेले. त्यांचे वजन सरासरी आठ किलोंनी घटले आणि रक्तशर्करा लक्षणीय सुधारली. हा प्रयोग फार वेळा उद्धृत होतो. परंतु त्या काळात त्यांना दिवसाला जेमतेम १,२०० किलोकॅलरी मिळत होत्या आणि शारीरिक हालचाल वाढली होती, हे सांगायचे सहसा राहून जाते. २००७ मध्ये लिंडेबर्ग यांनी २९ हृदयरुग्णांवर केलेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात पॅलिओ गटाची ग्लुकोज पचवण्याची क्षमता भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारापेक्षा अधिक सुधारली, आणि तेथे दुसरा आहारही चांगलाच असल्यामुळे या निष्कर्षाला मी महत्त्व देतो. त्यानंतर स्वीडनमध्ये रजोनिवृत्तीनंतरच्या ७० स्थूल स्त्रियांचा दोन वर्षे अभ्यास झाला. सहा महिन्यांनी पॅलिओ गटाची चरबी अधिक घटलेली होती, पण दोन वर्षांअखेरीस दोन्ही गटांतील फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या टिकला नाही. रक्तातील ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) मात्र पॅलिओ गटात कमी राहिले. कोणत्याही कडक पथ्याची गत बहुधा अशीच होते. पहिले काही महिने ते उत्साहाने पाळले जाते, मग हळूहळू सैल पडते.

श्रेय कशाला द्यायचे, या मूळ प्रश्नावर मला सर्वांत बोलका वाटतो तो केव्हिन हॉल यांचा २०१९ मधील प्रयोग. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेले आणि दोन आठवडे प्रक्रिया न केलेले अन्न हवे तितके खाऊ दिले. वाढलेल्या जेवणात ऊर्जा, साखर, चरबी आणि तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळी सारखे ठेवले होते. तरीही अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना ही माणसे दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी जास्त खात होती आणि त्यांचे वजन वाढत होते. साध्या अन्नावर ते घटले. त्या साध्या अन्नात दही होते, धान्येही होती. पॅलिओ आहार घेणारा माणूस कारखान्यातील अन्न आपोआपच सोडतो, आणि माझ्या मते त्याच्या लाभाचा बराचसा वाटा येथेच आहे.

डाळी आणि कडधान्यांतील लेक्टिन (पचनाला त्रास देऊ शकणारी प्रथिने) व फायटिक आम्ल (खनिजांचे शोषण कमी करणारा घटक) यांचा बागुलबुवा लेखात केला आहे. भिजवून नीट उकळल्यावर लेक्टिन निष्प्रभ होतात, भिजवणे, मोड आणणे व आंबवणे यांनी फायटिक आम्ल कमी होते. याहून अधिक त्यावर लिहिण्याची गरज नाही.

व्यायाम करणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की जोरकस धावणे किंवा वजने उचलणे यांसाठी स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन (शरीरात साठवलेली शर्करा) वापरतात, आणि ते भरून काढण्यासाठी कंद व फळे पुरेशी घ्यावी लागतात. केवळ मांस आणि सुकामेवा यांवर सराव करणाऱ्याला लवकर थकवा येतो, तेव्हा दोष त्याच्या जिद्दीचा नसतो.

लेखातील सर्वांत गंभीर उणीव सावधगिरीच्या सूचनांची आहे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या सल्फोनिलयुरिया गटातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींनी औषधाची मात्रा न बदलता कर्बोदके एकाएकी कमी केली, तर रक्तशर्करा धोकादायकरीत्या उतरू शकते. मूत्रपिंडाचा जुनाट विकार असलेल्यांना प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे लागते. दूध सोडणाऱ्यांना कॅल्शियमची वेगळी तजवीज करावी लागते. आयोडीनयुक्त मीठ आणि दूध दोन्ही वगळणाऱ्यांत आयोडीनची कमतरता संभवते, व वर उल्लेखिलेल्या स्वीडिश अभ्यासातही पॅलिओ गटातील स्त्रियांचे आयोडीन घटल्याचे दिसले. जे शाकाहारी आहेत, त्यांनी धान्य, डाळ आणि दूध ही तिन्ही सोडली तर प्रथिनांसाठी सुकामेवा आणि बिया यांखेरीज हाताशी फारसे काही उरत नाही.

म्हणून अशी विनंती आहे की या विषयाचा पुढील भाग छापण्यापूर्वी तो एखाद्या पात्र आहारतज्ज्ञांच्या नजरेखालून घालावा, आणि कोणत्या रुग्णांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना हा आहार सुरू करू नये, याची चौकट लेखाच्या आरंभीच ठळकपणे द्यावी.

आपला,
एक नियमित वाचक