बाबा, त्या तारेत वीज नसते

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर मला नीट देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. काचेच्या तारेतून वीज जात नाही, टोकाला तापमान मोजणारं थर्मोकपलही नाही, मग कित्येक किलोमीटर लांबचं तापमान तिला कळतं कसं? ट्रान्सफॉर्मर सांभाळण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला "लेझरने कळतं" एवढं सांगून भागणार नाही, हे मला ठाऊक आहे.

तार म्हणजे ऑप्टिकल फायबर, 125 मायक्रॉन जाडीचा शुद्ध काचेचा धागा. मधला नऊएक मायक्रॉनचा गाभा प्रकाश वाहून नेतो. काच कितीही शुद्ध केली, तरी ती गोठताना तिच्या घनतेत बारीक चढउतार राहून जातात, आणि त्यांच्यावर आपटून प्रकाशाचा अगदी थोडा अंश मागे फिरतो. टेलिफोनवाल्यांच्या हिशेबी हा तोटा. आमचा सगळा धंदाच त्यावर चालतो. विहिरीत दगड टाकून आवाज येईपर्यंत मोजायचं आणि खोली सांगायची, तसंच हे. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो, म्हणजे एक मीटर जाऊन परत यायला त्याला 10 नॅनोसेकंद लागतात. लेझरचा छोटा ठोका सोडायचा आणि कोणत्या क्षणी काय परत आलं ते टिपत राहायचं. वेळेवरून जागेचा पत्ता लागतो.

तापमानासाठी कामी येतो रामन परिणाम, 1928 सालचा. परत आलेला बहुतेक प्रकाश मूळच्याच रंगाचा असतो, पण त्यातला अत्यल्प भाग रंग बदलून येतो. (आमचा प्रकाश अवरक्त, डोळ्यांना न दिसणारा, तरी रंग म्हटलं की बोलायला सोपं जातं.) काही प्रकाश काचेच्या रेणूंना ऊर्जा देऊन येतो, त्याला स्टोक्स म्हणतात. काही आधीच थरथरणाऱ्या रेणूंकडून ऊर्जा घेऊन येतो, तो अँटी-स्टोक्स. काच जितकी गरम तितके थरथरणारे रेणू जास्त, म्हणून अँटी-स्टोक्स वाढतो. स्टोक्सवर मात्र तापमानाचा फारसा परिणाम होत नाही. या दोघांचं गुणोत्तर काढलं की त्या जागेचं तापमान मिळतं. गुणोत्तरच का? कारण वाटेत कुठे तार वाकून प्रकाश कमी झाला, तर तो दोन्हींत जवळपास सारखाच कमी होतो. बोगद्यांतली आग ओळखायला आणि जमिनीखालच्या हाय-व्होल्टेज केबलचा तापलेला भाग शोधायला हीच पद्धत वापरतात. परत येणारा अंश इतका क्षीण असतो, की हजारो ठोक्यांची सरासरी काढावी लागते. आकडा लगेच मिळत नाही.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरच्या पोटात मात्र वेगळा प्रकार. डब्ल्यूटीआयचा, म्हणजे वाइंडिंगचं (तारेच्या गुंडाळ्यांचं) तापमान दाखवणाऱ्या मीटरचा, काटा प्रत्यक्ष वाइंडिंगला कधी शिवतच नाही, हे तुम्हीच मला शिकवलंत. वरच्या तेलाचं तापमान, त्यात सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) करंटवर तापणाऱ्या छोट्या हीटरची भर, आणि जो आकडा येईल तो वाइंडिंगचा मानायचा. आता वाइंडिंगच्या थरांमध्ये अंतर राखणाऱ्या स्पेसरमध्येच फायबर बसवतात. तिच्या टोकाला फॉस्फर, म्हणजे प्रकाश पडल्यावर चमकणारा पदार्थ, असतो. त्यावर प्रकाशाचा ठोका टाकला की तो चमकतो आणि विझत जातो, आणि तापमान जास्त असेल तर लवकर विझतो. मोजायचा तो विझायचा वेळ. धातू नाही, त्यामुळे इन्सुलेशनला धोका नाही आणि चुंबकीय क्षेत्राचा त्रासही नाही. गोम एवढीच की ती वाइंडिंग बनतानाच घालावी लागते. चालू ट्रान्सफॉर्मरमध्ये नंतर घालायची सोय नाही.

माझा रोजचा संबंध येतो तो ब्रॅग ग्रेटिंगशी. 1978 साली कॅनडात केन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळलं की तीव्र लेझरने फायबरच्या गाभ्यात कायमचे सूक्ष्म पट्टे उमटवता येतात. असे पट्टे म्हणजेच ग्रेटिंग, आणि ते एकच ठरावीक तरंगलांबी परतवतात. तार ताणली की पट्ट्यांमधलं अंतर वाढतं आणि परतणारी तरंगलांबीही वाढते. किलोमीटरमागे एक मिलिमीटर इतका ताण असला, तरी 1550 नॅनोमीटरला साधारण 1.2 पिकोमीटरचा फरक पडतो, आणि तो मोजता येतो. पण एका अंशाने तापमान वाढलं तर फरक पडतो दहाएक पिकोमीटरचा! म्हणजे ज्या पुलावर ग्रेटिंग चिकटवली आहे, त्यावर ऊन आलं काय आणि ट्रक आला काय, तारेच्या लेखी दोन्ही एकच. म्हणून शेजारी दुसरी ग्रेटिंग सैल ठेवायची, जिला ताण लागत नाही, फक्त तापमान कळतं, आणि तिचा आकडा पहिलीतून वजा करायचा. लोकांना लेझरचं कौतुक वाटतं. खरा घाम निघतो तो या वजाबाकीत आणि ग्रेटिंग चिकटवण्यात. गोंद सरकला की पूल ताणला गेला तरी ग्रेटिंगपर्यंत ते पोचत नाही.

तुम्हाला सर्वांत जास्त आवडेल ते आवाजाचं. जमिनीत आधीच पुरलेल्या, वापरात नसलेल्या टेलिकॉम फायबरला एका टोकाला यंत्र जोडलं, की परतणाऱ्या प्रकाशाच्या फेजवरून (लहर किती पुढे-मागे सरकली त्यावरून) प्रत्येक काही मीटरचं कंपन मिळतं. मार्च 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात समुद्रतळावरच्या वैज्ञानिक केबलची देखभाल चालू होती. तेवढ्या चार दिवसांत संशोधकांनी तिचा 20 किलोमीटरचा भाग वापरून घेतला. त्यात 3.4 तीव्रतेचा भूकंप नोंदला गेला आणि नकाशात नसलेले प्रस्तरभंगही सापडले. स्वालबार्डजवळ अशाच केबलने देवमाशांचे आवाज टिपले. माहितीचा ढीग मात्र दिवसाला टेराबाइटच्या घरात जातो. शिवाय रस्त्याकडेच्या केबलला जवळून चालणाऱ्याची पावलंही कळू शकतात, ते मला फारसं रुचत नाही.

तार तुटली तर? तुटल्याची जागा कळते, पण पलीकडचं काहीच कळत नाही. म्हणून जमेल तिथे वेटोळं घालून दोन्ही टोकं यंत्राकडे आणतात, म्हणजे दुसऱ्या बाजूने मोजता येतं.

आता माझं एक काम करा. पूर्ण लोडवर डब्ल्यूटीआय आणि ओटीआय (तेलाचं तापमान दाखवणारा मीटर) यांच्यात किती अंशांचा फरक दिसायचा, ते जुन्या नोंदवहीत पाहून कळवा. ट्रान्सफॉर्मर किती एमव्हीए क्षमतेचा आणि कूलिंग कुठलं, तेही लिहा. इथल्या फायबरच्या आकड्यांशी ताडून पाहायचं आहे.

आईला नमस्कार.

तुमची,
धाकटी