दोन सुयांची टोकं घासून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

माझा चामड्याचा फाटका पट्टा हातात घेतल्यावर तुम्ही आधी शिवणीची भोकं पाहिलीत, दोऱ्याकडे नंतर वळलात. तुमच्या आधी तो ज्यांच्या हातांतून गेला, त्या सगळ्यांनी दोऱ्यालाच दोष दिला होता. प्रत्येकाने आणखी जाड दोरा घेतला, त्याच जागी आणखी टाके मारले आणि पट्टा पहिल्यापेक्षा कमजोर करून परत दिला. कापडात सुईचं भोक पुष्कळदा मिटतं, चामड्यात ते कायमचं राहतं. ओढ बसते तिथे आडव्या रेषेत दोन-दोन मिलिमीटरवर भोकं पाडली की पोस्टाच्या तिकिटांच्या कडेसारखी फाडायची रेषच तयार होते. मग दोरा कितीही मजबूत घाला, तो शाबूत राहतो आणि चामडं तुटतं. हे त्यांना ठाऊक नव्हतं असं वाटत नाही. नीट बघायची आणि सांगायची तसदी कुणी घेतली नाही, याचा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही फाटका भाग कापून टाकलात आणि नवी शिवण कडेपासून चार मिलिमीटर आत, दोन टाक्यांत जवळपास पाच मिलिमीटर अंतर ठेवून आखलीत. पण हे पत्र लिहितो आहे ते त्यानंतरच्या एका कृतीसाठी. तुम्ही दोन नव्या सुया काढल्यात, बारीक दाण्याच्या दगडावर एकीचं टोक गोल गोल फिरवलंत, अंगठ्याच्या पेरावर टेकवून पाहिलंत, पुन्हा फिरवलंत. टोचत नाही याची खात्री झाल्यावर दुसरी घेतलीत. मग दोन्ही कापडाच्या चिंधीत खोचून हातात दिल्यात आणि म्हणालात, "पुढच्या वेळी घरीच शिवा." आपलं गिऱ्हाईक आपल्या हाताने कमी करणारा माणूस विरळाच.

त्या बोथट टोकांचं मोल दोन सुयांनी शिवणाऱ्यालाच कळेल. या शिवणीत दोरा एकच, सुया त्याच्या दोन टोकांना, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून जातात. यंत्राच्या टाक्यात वरचा आणि खालचा दोरा आत एकमेकांत अडकलेले असतात. एक झिजून तुटला की ओढ बसेल तसे पुढचे टाके सैल होतात. इथे एक बाजू झिजली तरी दुसरी धरून राहते. मात्र दुसऱ्या सुईचं टोक तीक्ष्ण असेल, तर ती भोकात आधीच असलेल्या दोऱ्यात घुसते आणि त्याचा पीळ फोडते. बाहेरून काही दिसत नाही. टाका आवळायला गेलं की तो अर्ध्यात अडकतो, दोरा विसविशीत होतो आणि पुढे नेमका तिथेच तुटतो. त्यावर तुम्ही दाखवलेली खूण बिनचूक आहे: दुसरी सुई आत जात असताना पहिल्या सुईचा दोरा किंचित मागे ओढायचा. सरकला तर सुई बाजूने गेली, अडकला तर ती मागे घेऊन पुन्हा घालायची. शिवाय पहिली सुई नेहमी एकाच बाजूची हवी, आणि दुसरी दरवेळी दोऱ्याच्या त्याच अंगाने जायला हवी. क्रम बदलला की टाक्यांचा कल बदलतो.

सुया बोथट करणाऱ्या त्याच दगडावर तुम्ही आरीला, म्हणजे चामड्याला भोकं पाडायच्या हत्याराला, मात्र धार लावलीत. कापायचं काम आरीचं, सुईने फक्त दोरा न्यायचा. आरीचं पातं चार कडांचं, चपटं. ते रेषेला तिरकं धरलं की शेजारच्या भोकांची टोकं एकमेकांसमोर येत नाहीत आणि मधे चामडं जास्त उरतं. तिरकं रेषेला, चामड्याला मात्र सरळ उभं. नाहीतर पुढची शिवण देखणी दिसते आणि मागची नागमोडी होऊन कडेबाहेर पळते. पातं मुळाकडे रुंद होत जातं, म्हणून गरजेपेक्षा आत घुसवलं की भोक उगाच मोठं होतं.

दोऱ्याबद्दल तुम्ही थोडकंच बोललात. शिवणीच्या चौपट लांबी, वर दोन्ही सुयांसाठी वीत-वीत. नेढ्यातून घातल्यावर पीळ उलगडून दोरा त्याच सुईने टोचायचा आणि मागे सरकवायचा, गाठ मारायची नाही. मेणाच्या वडीवरून दोन-तीनदा ओढून मग चिमटीतून जोरात सरकवायचा, म्हणजे घर्षणाच्या उबेने मेण पिळात मुरतं. उन्हात राहणाऱ्या ताडपत्रीला, तंबूला पॉलिएस्टर दोरा. नायलॉन जास्त ताणतो आणि उन्हाने लवकर कमजोर होतो.

कॅनव्हासला तर आरीची धारच नको. तिथे धागे कापायचे नसतात, गोल टोकाने बाजूला सारायचे असतात. सहा-सात पदर एकत्र आले की बोटातलं अंगुस्तान पुरत नाही. दाभण तळहाताच्या जोराने रेटावा लागतो, आणि त्यासाठी अंगठ्याच्या मुळाशी खळग्यांची धातूची चकती बसवलेला चामडी पट्टा हाताला हवा. पलीकडून पक्कडीने ओढताना सुई सरळ ओढायची. वाकडी ओढली की नेढ्याशी तुटते.

हे सगळं तुम्ही हातातलं काम न थांबवता सांगितलंत, मोठेपणा न दाखवता. आपली विद्या झाकून न ठेवणारी आणि समोरच्याला अडाणी न ठरवणारी माणसं भेटतात, म्हणून हातांची कामं टिकतात. असा चांगुलपणा मिरवत नाही, त्यामुळे त्याची कुणी नोंदही घेत नाही. ती घ्यावी म्हणून हे जाहीर लिहिलं.

आणखी एक गोष्ट. तिथेच कुणीतरी उंचावरच्या कामाचा, कमरेला बांधायचा पट्टा शिवायला आणला होता. उसवलेली शिवण जेमतेम दोन इंच होती. तुम्ही स्पष्ट नाही म्हणालात: ज्याच्यावर जीव टांगायचा, तो पट्टा हाताने शिवून परत वापरायचा नाही. नुसतं नाही म्हणून थांबला नाहीत. दुसऱ्या कुणी तो शिवून देऊ नये म्हणून मालकाला विचारून पट्टा मधोमध कापलात, आणि कापायचे पैसेही घेतले नाहीत. त्या नकाराबद्दलही आभार.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक ऋणी